कॉर्टिसॉल मोजले, ग्राही कोण मोजणार?

पशुविज्ञानावरील भारतीय शोधनिबंध आणि त्यांच्यावर आधारलेल्या बातम्या वाचणाऱ्याला एक विधान वारंवार भेटते: प्राण्याच्या रक्तातील कॉर्टिसॉल वाढलेले आढळले, त्याअर्थी प्राणी ताणाखाली होता. उन्हाळ्याचा ताण असो, वाहतुकीचा असो वा पिल्ले आईपासून तोडल्याचा असो, विधानाचा साचा तोच राहतो. यातील पूर्वार्ध हे मोजमाप आहे आणि उत्तरार्ध हे अनुमान. त्या दोहोंना जोडणारा दुवा पेशीच्या आत असतो आणि तो बहुधा मोजलेलाच नसतो. प्राणी निरोगी असेल तर ही उणीव खपून जाते. शरीरात दाह सुरू असेल, तर तीच उणीव संपूर्ण निष्कर्षाला पोखरते. वराहांच्या बाबतीत ही गोष्ट भारताने गांभीर्याने घ्यावी, अशी आज परिस्थिती आहे.

संप्रेरक हा एक निरोप असतो. निरोप निघाला याचा अर्थ तो ऐकला गेला असा होत नाही. कॉर्टिसॉल अधिवृक्क ग्रंथीतून निघते, रक्तात शिरते आणि पेशीपटलातून सहज आत झिरपते. तेथे पेशीद्रव्यात त्याची वाट पाहत ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही नावाचे प्रथिन बसलेले असते. ते एकटे नसते. एचएसपी-९० आणि इतर काही सहायक प्रथिने त्याला संप्रेरक पकडता येईल अशा आकारात धरून ठेवतात. संप्रेरक बसले की ग्राही केंद्रकात जातो आणि शेकडो जनुकांचे काम वाढवतो किंवा रोखतो. रोगप्रतिकारक पेशींत त्याचे मुख्य काम आग आटोक्यात ठेवण्याचे. दाह पेटवणाऱ्या जनुकांना चालना देणारे एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन तो अडवतो, आणि दाहाचे संदेश वाहून नेणारी साखळी तोडणारी काही प्रथिने तयार करवून घेतो.

या ग्राहीचा इतिहास थोडा उलटा आहे. फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि १९५० मध्ये हेंच, केंडल व राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मानवी ग्राहीचे जनुक मात्र १९८५ मध्ये हाती आले. म्हणजे साडेतीन दशके वैद्यकाने निरोप मुबलक धाडला, पण तो घेणारा नेमका कसा असतो हे त्याला ठाऊक नव्हते. औषध गुणकारी होते म्हणून कोणाचे फारसे अडले नाही. अडले ते जेथे औषध लागू पडेना तेथे.

आता दाहाकडे वळू. जिवाणूंच्या भित्तिकेतील लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस, हे दाह निर्माण करण्यासाठी प्रयोगशाळांतून सर्वाधिक वापरले जाणारे द्रव्य. ते महाभक्षी पेशींना भेटले की काही तासांत टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ यांचा लोंढा सुटतो. हा लोंढा मेंदूपर्यंत खबर पोहोचवतो, पोष ग्रंथी जागी होते आणि अधिवृक्कातून कॉर्टिसॉल उसळते. वराहांना एलपीएस टोचले की टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ आणि कॉर्टिसॉल हे तिन्ही वाढतात, हे अनेक वर्षांपासून माहीत आहे. पाठ्यपुस्तकातील चित्र येथे संपते: आग लागली, बंब आला.

पण आगीने बंबाची नळीही भाजते, हे त्या चित्रात नसते. दाहाचे तेच संदेश ग्राहीवर अनेक ठिकाणी हात घालतात. पी-३८ नावाचे विकर ग्राहीला फॉस्फेटचे गट जोडते आणि त्याची कार्यक्षमता घटवू शकते. स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या दम्याच्या काही रुग्णांत हेच घडताना दिसले आहे. एनएफ-कप्पा-बी आणि ग्राही एकमेकांना अडवतात, त्यामुळे ज्याची संख्या जास्त त्याची सरशी होते. मानवी पेशींत या ग्राहीचा ‘बीटा’ हा एक जोडभाऊ असतो. तो नेहमीचे संप्रेरक धरत नाही, पण जागा अडवून खऱ्या ग्राहीच्या कामात खोडा घालतो, आणि टीएनएफ व इंटरल्यूकिन-१ यांच्या प्रभावाखाली त्याचे प्रमाण वाढलेले आढळले आहे. ग्राहींची एकूण संख्याही स्थिर राहत नाही. एका प्रकारच्या पेशीत ती दाहाने वाढते, दुसऱ्या प्रकारच्या पेशीत घटते. म्हणून ‘दाहाने ग्राही कमी होतात’ किंवा ‘वाढतात’ असे सरसकट विधान जो करतो, त्याने कोणत्या पेशीत आणि कोणत्या तासाला पाहिले, हे आधी विचारावे.

याच्या उलट दिशेची एक करामतही निसर्गाने करून ठेवली आहे. रक्तातील बहुतांश कॉर्टिसॉल मोकळे नसते. ते ट्रान्सकॉर्टिन नावाच्या वाहक प्रथिनाच्या पाठीवर बसून फिरते आणि बसलेले असताना पेशीत शिरू शकत नाही. दाहाच्या जागी जमलेल्या न्यूट्रोफिल पेशी इलॅस्टेज हे विकर सोडतात. ते वाहक प्रथिनाचा लचका तोडते आणि कॉर्टिसॉल तेथेच सुटते, म्हणजे जेथे हवे तेथेच. शिरेतून काढलेल्या रक्ताच्या एकूण कॉर्टिसॉलमध्ये या स्थानिक घडामोडीचा मागमूसही नसेल. एकीकडे मोकळे संप्रेरक वाढते, दुसरीकडे ग्राही मंदावतो. त्यातून पेशीला प्रत्यक्षात काय ऐकू आले, हे एका आकड्यावरून सांगणे म्हणजे भिंतीपलीकडचे संभाषण विजेच्या बिलावरून ओळखण्यासारखे आहे.

थोडे गणित येथे उपयोगी पडेल. संप्रेरकाची मोकळी पातळी ‘क’ असेल आणि ग्राहीचा अर्धबंधन स्थिरांक ‘ख’ असेल, तर व्यापलेल्या ग्राहींचा अंश क भागिले क अधिक ख इतका येतो. केवळ उदाहरणादाखल दोन्ही २० एकक धरले तर निम्मे ग्राही व्यापले जातात. दाहामुळे ग्राहीची पकड सैल होऊन ‘ख’ ६० झाला, तर त्याच संप्रेरकाने फक्त एक-चतुर्थांश ग्राही व्यापले जातील. पूर्वीची निम्मी व्याप्ती परत हवी असेल तर संप्रेरकही ६० एककांवर, म्हणजे तिपटीवर न्यावे लागेल. अशा प्राण्याच्या रक्तात तिप्पट कॉर्टिसॉल सापडले तर अहवालात ‘तीव्र ताण’ असे लिहिले जाईल. त्या प्राण्याच्या पेशीच्या दृष्टीने मात्र सारे काही पूर्ववत झालेले असेल. त्यात ग्राहींची संख्याही निम्मी झाली असेल, तर तिप्पट संप्रेरक असूनही पेशीला मिळालेला संदेश पूर्वीच्या निम्माच. हे अकरावीच्या विद्यार्थ्याला सोडवता येण्यासारखे गणित आहे. प्रश्न फक्त ‘ख’ आणि ग्राहींची संख्या मोजण्याची तसदी घेण्याचा आहे.

ही केवळ कागदावरची शक्यता नाही, याचा सर्वांत सुंदर पुरावा वराहांनीच दिला आहे. जर्मनीत डुमरश्टोर्फ येथील संशोधकांनी २०१२ मध्ये वराहांच्या ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहीतील एक नैसर्गिक बदल दाखवून दिला. ६१० व्या स्थानी अ‍ॅलॅनिनऐवजी व्हॅलिन, एवढाच फरक. या बदलाने ग्राही अतिसंवेदनशील होतो. परिणामी अशा वराहांची अधिवृक्क ग्रंथी लहान राहते आणि कॉर्टिसॉल कमी स्रवते, कारण थोड्याशा निरोपानेही काम भागते आणि मेंदू ‘पुरे’ म्हणतो. फक्त रक्तातील आकडा पाहणारा निरीक्षक या वराहांना शांत, ताणमुक्त म्हणून मोकळा होईल. त्यांच्या पेशी मात्र तो कमी निरोप अधिक तीक्ष्ण कानांनी ऐकत असतात.

वराहच का, असा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पडणे साहजिक आहे, कारण बहुतेक प्रतिक्षमताशास्त्र उंदरावर उभे आहे. उंदराचे मुख्य ग्लुकोकॉर्टिकॉइड कॉर्टिसॉल नसून कॉर्टिकोस्टेरोन आहे. वराहाचे आणि माणसाचे कॉर्टिसॉल. एलपीएसची जी मात्रा उंदीर सहज पचवतो, तिच्या लहानशा अंशानेही माणूस आजारी पडतो, आणि याबाबतीत वराह माणसाच्या अधिक जवळचा. शिवाय एका उंदरात एकूण रक्त सुमारे २ मिलिलिटर. वराहाकडून तेवढे रक्त दर काही तासांनी घेता येते आणि एकाच प्राण्यात दाहाचा चढउतार तासागणिक पाहता येतो. वराहाच्या काही खास गोष्टीही आहेत. त्याच्या रक्तात गॅमा-डेल्टा टी पेशींचे प्रमाण माणसापेक्षा बरेच अधिक असते, आणि सीडी-४ व सीडी-८ ही दोन्ही चिन्हे एकत्र बाळगणाऱ्या टी पेशीही ठळकपणे आढळतात. त्यामुळे ‘पांढऱ्या पेशींतील ग्राही’ असे एकत्रित मोजमाप वराहात विशेषच फसवे ठरते. पेशींचे गट वेगळे करूनच पाहावे लागते. होहेनहाइम विद्यापीठातील गटाने वराहांच्या शिरेतून कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडून निरनिराळ्या रोगप्रतिकारक पेशींची संख्या व कार्य कसे बदलते हे तपासले, ते याच जाणिवेतून. अ‍ॅड्रेनलिनचा ग्राही तर पेशीपटलावर उघडाच असतो, आणि सतत उद्दीपन झाले की पेशी तो आत ओढून घेते किंवा बधिर करते. या कुळातील ग्राहींच्या अभ्यासासाठीच २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल लेफकोविट्झ आणि कोबिल्का यांना मिळाले.

माणसाच्या वैद्यकात या अज्ञानाची किंमत मोजून झाली आहे. जंतुदोषाच्या तीव्र प्रतिक्रियेत, म्हणजे सेप्सिसमध्ये, स्टेरॉइड द्यावे की नाही, हा वाद निदान चार दशके चालला आहे. २०१८ मध्ये दोन मोठ्या चाचण्या जवळपास एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. एकीत ३,६०० हून अधिक रुग्ण होते. हायड्रोकॉर्टिसोन मिळालेल्यांत ९० दिवसांत २७.९ टक्के आणि न मिळालेल्यांत २८.८ टक्के मृत्यू, म्हणजे फरक नाही असेच म्हणायचे. दुसरीत १,२४१ रुग्ण होते. हायड्रोकॉर्टिसोनसोबत फ्लुड्रोकॉर्टिसोन दिलेल्यांत ४३ टक्के आणि इतरांत ४९.१ टक्के, म्हणजे दखल घ्यावी असा फरक. या तफावतीची कारणे अनेक आहेत: औषधांची जोडी वेगळी, रुग्णांची तीव्रता वेगळी. पण ज्यांना औषध दिले त्यांच्या पेशींत त्या दिवशी ते ऐकण्याची क्षमता किती उरली होती, याच्या आधारे रुग्ण निवडलेले नव्हते. दोन वर्षांनी कोविडमध्ये डेक्सामेथासोनने कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटवले; ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र लाभ झाला नाही. तेच औषध, तोच ग्राही; दाहाची अवस्था निराळी. आणि भारतात त्याच औषधाच्या अनिर्बंध वापराचा २०२१ मधील काळ्या बुरशीच्या साथीशी असलेला संबंध विसरण्याइतका जुना झालेला नाही.

वराहांच्या बाबतीत भारतात काय पणाला लागले आहे? २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ९०.६ लाख वराह होते, २०१२ च्या तुलनेत १२ टक्क्यांनी कमी. त्यांतील सर्वाधिक, जवळपास २१ लाख, एकट्या आसामात. ईशान्य भारतात वराह ही घरातली बचत असते. मुलांची फी, लग्न, दवाखाना यांसाठी मोडायची ठेव. २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर आसाम व अरुणाचलात शिरला, भोपाळच्या उच्च-सुरक्षा पशुरोग संस्थेत निदान पक्के झाले, आणि पुढील वर्षांत मिझोरामसह अनेक राज्यांतील गोठे रिकामे झाले. या रोगाचा विषाणू मोनोसाइट आणि महाभक्षी पेशींतच वाढतो, म्हणजे ज्या पेशींनी दाहाचे नियमन करायचे त्याच पेशी तो ताब्यात घेतो. ग्राहींच्या अभ्यासाने ही साथ थांबणार नाही, हे स्पष्ट म्हणावे. ती थांबते ती जैवसुरक्षेने, वाहतूकबंदीने आणि वेळेवर मिळालेल्या नुकसानभरपाईने. एवढ्या मोठ्या आपत्तीच्या आडोशाला उभे राहून कोणी मूलभूत संशोधनासाठी निधी मागत असेल, तर त्याच्याकडे संशयाने पाहणेच योग्य.

परंतु वराहाचे आयुष्य एका साथीने भरलेले नसते. पिल्लू निसर्गतः कित्येक आठवड्यांत हळूहळू आईचे दूध सोडते. व्यापारी पालनात त्याला साधारण तीन ते चार आठवड्यांचे असताना एका दिवसात तोडले जाते. त्याच सुमारास आतड्यात ई. कोलाय फोफावतो, म्हणजे ताण आणि एलपीएस एकाच वेळी येतात. त्याच वयाच्या आसपास लसही टोचली जाते. ग्लुकोकॉर्टिकॉइडची चढी पातळी लसीला मिळणारा प्रतिसाद बदलू शकते; मग त्या दिवशी त्या पिल्लाच्या लसीका पेशी संप्रेरकाला किती दाद देत होत्या, हा प्रश्न व्यवहाराचाच ठरतो. इज्जतनगरच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेने क्लासिकल स्वाइन फीव्हरसाठी पेशीसंवर्धनावर वाढवलेली लस तयार केली आणि सशांच्या प्लीहेतून लस काढण्याची जुनी पद्धत मागे टाकण्याचा मार्ग खुला केला. ही खरी कामगिरी आहे. पण कुपीतील लस उत्तम असणे आणि ती घेणारी पेशी घेण्याच्या स्थितीत असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बातमी नेहमी पहिलीचीच होते.

डेक्सामेथासोनचे तर विचारूच नये. ग्रामीण पशुचिकित्सेत ते प्रतिजैविकाच्या जोडीने सर्रास टोचले जाते. ताप उतरतो, जनावर उठून उभे राहते, मालक समाधानी होतो. आतला जंतू जिवंत असेल तर पुढे काय होते, ते टोचणारा पाहायला थांबतोच असे नाही. या वापराला मर्यादा घालायची तर ‘स्टेरॉइड वाईट’ एवढ्या उपदेशाने भागणार नाही. दाहाच्या कोणत्या टप्प्यावर भारतीय वराहाच्या पेशी त्याला प्रतिसाद देतात आणि कोणत्या टप्प्यावर देत नाहीत, याचे आकडे पशुवैद्याच्या हाती असायला हवेत.

पोटाचा प्रश्नही आहेच. अस्वच्छ जागेत ठेवलेला वराह दिसायला आजारी नसला तरी कमी वाढतो. दाहाचे संदेश यकृतातील वृद्धिसंप्रेरकाच्या मार्गात सॉक्स नावाची प्रथिने आणून उभी करतात, त्यामुळे संप्रेरक असूनही त्याचा पुढचा दूत, आयजीएफ-१, घटतो. येथेही निरोप निघालेला असतो, ऐकलेला नसतो. खाद्याचा पैसा वाढीऐवजी दाहात जळतो. (जाता जाता: २०२२ मध्ये बाल्टिमोरला माणसाला बसवलेले हृदय ज्या वराहाचे होते, त्याच्या दहा जनुकीय बदलांपैकी एक बदल वृद्धिसंप्रेरकाचा ग्राहीच बंद करण्याचा होता, माणसाच्या छातीत ते हृदय अवाढव्य होऊ नये म्हणून. ग्राही ही किरकोळ गोष्ट नाही, हे शल्यविशारदांना पटलेले दिसते.)

गुवाहाटीजवळ राणी येथे २००२ पासून राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र उभे आहे. बंगालचा घुंगरू, मेघालयाचा नियांग मेघा, नागालँडचा टेन्यी वो, आसामचा डूम, गोव्याचा आगोंदा गोवन अशा देशी जातींची अधिकृत नोंद झालेली आहे. या जाती कमी खाद्यावर, उष्ण-दमट हवेत आणि जंतूंच्या सततच्या सहवासात टिकून राहिल्या, म्हणून त्या ‘काटक’ अशी त्यांची ख्याती. काटक हा शब्द कौतुकाचा आहे, पण त्यात कोणतेही मापन नाही. त्यांचा दाह मुळात सौम्य पेटतो, की पेटलेला लवकर विझतो? विझत असेल तर कॉर्टिसॉल जास्त म्हणून, की ग्राही तीक्ष्ण म्हणून? या तीन शक्यतांचे पैदासीसाठी होणारे अर्थ पूर्णपणे वेगळे आहेत. ‘कमी कॉर्टिसॉलचे’ प्राणी निवडत गेल्यास डुमरश्टोर्फच्या उदाहरणाप्रमाणे नकळत एखाद्या अतिसंवेदनशील ग्राहीचीच निवड होऊ शकते, आणि अशा कळपाचा संसर्गाला मिळणारा प्रतिसाद काय असेल याचा विचार निवड करणाऱ्याने केलेला नसेल.

यासाठी लागणारी साधने अद्भुत नाहीत. रक्तातून एककेंद्रकी पेशी वेगळ्या करणारे घनतेचे द्रावण आणि पेशींचे गट मोजणारा फ्लो सायटोमीटर बऱ्याच पशुवैद्यक व जैवतंत्रज्ञान संस्थांत आहेत. ताण न देता कॉर्टिसॉल मोजायचे तर वराहाला कापसाची गुंडाळी चघळायला देतात. तो ती आवडीने चघळतो आणि लाळेत मोकळेच कॉर्टिसॉल येते. दोराचा फास लावून धरलेल्या वराहाच्या रक्तापेक्षा तो आकडा अधिक विश्वासार्ह. अडचण आहे ती ग्राही ओळखणाऱ्या प्रतिपिंडांची. बाजारातील बहुतेक प्रतिपिंडे मानवी किंवा उंदराच्या प्रथिनावर पारखलेली असतात, आणि वराहात ती दुसऱ्याच प्रथिनाला चिकटली तर सुबक आलेख मिळूनही तो निरर्थक असतो. किरणोत्सारी ट्रिटियमची खूण लावलेले डेक्सामेथासोन किती बांधले जाते हे मोजण्याची जुनी पद्धत अशा वेळी अधिक प्रामाणिक. ती किचकट आहे, किरणोत्सारी द्रव्याचा परवाना लागतो, पण ग्राहींची संख्या आणि पकड दोन्ही एकाच मापनमालिकेतून देते.

सुरुवात म्हणून बारा घुंगरू आणि बारा लार्ज व्हाइट एकाच गोठ्यात, एकाच खाद्यावर ठेवावेत. लसीकरणाच्या आधी एकदा आणि नंतर ६, २४, ७२ तासांनी व १४ दिवसांनी लाळ आणि रक्त घ्यावे. लाळेतून मोकळे कॉर्टिसॉल, रक्तातून टीएनएफ. आणि वेगळ्या केलेल्या मोनोसाइट, सीडी-४ व गॅमा-डेल्टा पेशींत ग्राहींची संख्या, पकड आणि डेक्सामेथासोन घातल्यावर टीएनएफ किती दबते, हे मोजावे. शेवटच्या दिवशी लसीने निर्माण झालेली प्रतिपिंडे मोजावीत. चोवीस वराह, पाच वेळा, एकूण १२० नमुने. एका पीएच.डी. विद्यार्थ्याला दीड-दोन वर्षे पुरेल एवढे काम. त्यातील पहिले सहा महिने केवळ प्रतिपिंडे पारखण्यात जातील, आणि त्या सहा महिन्यांसाठी निधीच्या अर्जात वेगळा रकाना असला पाहिजे.